इंग्रजी शिकवायचंय, पुढे शिक्षकही घडवायचेत?

डी.एल.एड. किंवा बी.एड.चा निकाल लागला की नगर जिल्ह्यातली मुलं-मुली एक प्रश्न हमखास विचारतात. “सर, इंग्रजीकडे वळू का? पण माझंच बोलणं कच्चं आहे.” अकोले तालुक्यातला मुलगा हे विचारतो, जामखेडची मुलगी विचारते आणि नगर शहरातल्या सावेडी-केडगावातले उमेदवारही विचारतात. माझं उत्तर ठरलेलं असतं : वळा. बोलणं सुधारता येतं, त्याचे मार्ग पुढे सांगतो. समोरचं पोर कुठे आणि का अडलंय हे ओळखणं ही या कामातली खरी विद्या आहे आणि ती निम्मी तुमच्याजवळ आधीच आहे. तुम्ही स्वतः मराठीतून, बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतून, चुकत-माकत इंग्रजीपर्यंत आलात. लहानपणापासून घरात इंग्रजी ऐकलेल्या माणसाला ही अडचण पुस्तकातून समजून घ्यावी लागते.

हा लेख जसा नव्या उमेदवारांसाठी आहे, तसाच आठ-दहा वर्षं शिकवून झाल्यावर ‘आता मी सुलभक व्हावं, इतर शिक्षकांना शिकवावं’ असं वाटणाऱ्यांसाठीही आहे. या दोन टप्प्यांकडे मी वेगळं बघत नाही. शिक्षकांना शिकवण्याचा अधिकार वर्गातून मिळतो आणि वर्ग सुटला की तो हळूहळू जातो. म्हणून पहिल्या दिवसापासून वर्ग कसा चालवायचा यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

आधी नोकरीचं

पोटाचा प्रश्न आधी सोडवू. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड., सहावी ते आठवीसाठी पदवीसह डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि दोन्हींसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. महाराष्ट्रात ही परीक्षा २०१३ पासून होते, ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पेपर दीडशे गुणांचा असतो. उत्तीर्ण व्हायला खुल्या प्रवर्गाला साठ टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. मराठी पहिली भाषा आणि इंग्रजी दुसरी भाषा घेतली तर दोन्हींचे तीस-तीस गुण. बरेच उमेदवार इंग्रजीचे तीस गुण देवावर सोडतात. ते सोडू नका, कारण त्यात उतारा वाचून उत्तरं देणं आणि भाषा शिकवण्याच्या पद्धती यांवर प्रश्न येतात, आणि पुढच्या तीस वर्षांच्या नोकरीतही याच दोन गोष्टी लागतात. टीईटीनंतर टीएआयटी, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आणि मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम. टीएआयटी २०१७, २०२३ आणि २०२५ अशी लांब अंतरांनी झाली, म्हणून मधल्या काळात काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची असतात. २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे.

नववी-दहावीला इंग्रजी विषयातली पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला एम.ए. आणि बी.एड., वरिष्ठ महाविद्यालयाला नेट किंवा सेट. जे आधीच सेवेत आहेत त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल नीट वाचावा. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनाही त्याने टीईटीच्या कक्षेत आणलं आहे.

मधल्या काळात बहुतेक जण तालुक्याच्या गावी एखाद्या इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत लागतात. पगार थोडा, तास भरपूर. तरीही वर्ष-दोन वर्षं जरूर करा, मात्र नेमणूकपत्र लेखी घ्या आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही कपाटात ठेवू देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवून परत घ्या.

मराठी मुलाला नेमकं काय जड जातं

सन २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्या निर्णयाने एका जूनमध्ये गावोगावचे गुरुजी आणि बाई इंग्रजीचे शिक्षक झाले. त्यांच्यातल्या अनेकांनी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवली होती आणि त्यांचं प्रशिक्षण मराठी माध्यमाचे वर्ग डोळ्यांसमोर ठेवून झालं होतं. या पिढीने जे काम निभावलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या घाईत एक गोष्ट राहून गेली. मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीतली कोणती जागा अवघड आणि कोणती सोपी, हे कुणी बसून शिक्षकांना सांगितलं नाही. ते तुम्ही शिकून घ्या.

‘हॅव’ हे क्रियापद घ्या. आपण म्हणतो : मला दोन भाऊ आहेत. आमच्याकडे म्हैस आहे. त्याला ताप आहे. तीन वाक्यांत तीन वेगळे संबंध, आणि ‘आहे’ सगळीकडे. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’. मूल ‘आहे’ ऐकतं आणि ‘इज’ लावतं : ‘माय टू ब्रदर इज’. ही चूक निष्काळजीपणाची नाही. त्याने आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे लावला आहे. वहीवर लाल फुली मारून ती जात नाही. ही तीन मराठी वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून ‘आहे’खाली रेघ ओढली आणि मुलांनाच विचारलं, ‘कुणाजवळ काय आहे?’, तर ती स्वतः शोधतात की माणूस आधी येतो आणि ‘हॅव’ मध्ये.

उलट काही जागा मराठी मुलाला इंग्रजीत सोप्या आहेत आणि त्या त्याला आवर्जून सांगाव्यात. आपण ‘आंबा खाल्ला’, ‘भाकरी खाल्ली’, ‘पोहे खाल्ले’ म्हणतो, क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. इंग्रजीत ‘एट’ म्हणजे ‘एट’, आंबा असो की भाकरी. पाचवीतल्या मुलाला ‘बाळा, यापेक्षा अवघड काम तू रोज मराठीत करतोस’ असं सांगून पाहा, त्याचा चेहरा खुलतो. प्रश्न विचारणं मात्र जड जातं. आपण वाक्याच्या शेवटी ‘का’ लावून मोकळे होतो, तिथे ‘डू’ आणि ‘डज’ पुढे आणावे लागतात. हे नियम सांगून बसत नाही. मधल्या सुट्टीत एकमेकांना खरोखर विचारावेत असे चार प्रश्न रोज तोंडी म्हणून घेतले तरच बसतं.

आता ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’. पदवीधर शिक्षकांनाही ही उपपदं चकवतात. पारनेर तालुक्यातल्या एका शाळेत सहावीच्या वर्गात एका बाईंनी घेतलेला पाठ सांगतो. टेबलावर पाच कांदे मांडलेले. बाईंनी एका मुलाला बोलावलं आणि म्हणाल्या, ‘टेक ॲन अनियन.’ तो घुटमळला. कोणता घेऊ? बाईंनी हातानेच खूण केली, कोणताही. त्याने एक उचलला. मग त्या म्हणाल्या, ‘नाऊ गिव्ह मी द अनियन.’ मुलाने टेबलावरच्या उरलेल्या कांद्यांकडे हात नेला तोच मागच्या बाकावरून आवाज आला, “तुझ्या हातातला रे, तो!” बाईंनी फळ्यावर दोन मराठी वाक्यं लिहिली : ‘एक कांदा घे’, ‘तो कांदा दे’. खाली इंग्रजी दोन वाक्यं. नियम, व्याख्या, अपवाद काही नाही. पुढची वीस मिनिटं मुलांनी आळीपाळीने खडू, डस्टर, डबा, चपला असं सगळं मागून आणि देऊन घेतलं. मराठीत उपपद नाही म्हणून ते शिकवता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा पाठ बघायला हवा होता. ‘एक’ आणि ‘तो’ ही शिडी आपल्या भाषेत आहेच.

यावरून तुम्हाला कळलं असेल की वर्गात मराठीला बंदी घालण्याच्या मी विरोधात आहे. सूचना एकदा मराठीत समजावा, अर्थ पोचला की सराव इंग्रजीत करून घ्या. अकोले तालुक्यातल्या डोंगरी भागात तर ठाकर मुलांना पुस्तकी मराठीसुद्धा शाळेतच शिकावी लागते. त्यांच्या घरची बोली वर्गात येऊ द्या. तिथे ‘ओन्ली इंग्लिश’चा फलक लावला तर मूल गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्या मुलाला कोणतीच भाषा शिकवता येत नाही.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांत शिकवणाऱ्यांसाठी आणखी एक सांगणं. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कुटुंबं निघतात आणि काही मुलं आईबापांबरोबर जातात, ती साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. पाठ साखळीसारखे एकमेकांना जोडलेले असतील तर परत आलेलं मूल कायमचं मागे पडतं. म्हणून इंग्रजीचे घटक आठवड्याच्या आत पुरे होतील असे सुटे बांधा. जाणाऱ्या मुलाच्या पालकांचा फोन नंबर घ्या आणि आठवड्यातून एकदा अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवा : एक प्रश्न इंग्रजीत, त्याचं उत्तर मुलाने बोलून पाठवायचं. सगळी मुलं उत्तर पाठवत नाहीत. जी पाठवतात ती मार्चमध्ये परतल्यावर वर्गात हात वर करतात, एवढ्यासाठीही हे करण्यासारखं आहे.

चुकांची वही

टाचणवही तुम्ही लिहिताच, ती तपासायला येणारे साहेबही असतात. त्याखेरीज एक साधी दोनशे पानी वही ठेवा. ती तपासायला कुणालाही द्यायची नाही. रोज वर्गात ऐकलेली दोन-तीन चुकीची वाक्यं त्यात जशीच्या तशी उतरवा, मुलाच्या तोंडून आली तशी, उच्चारासकट. शेजारी लिहा : मूल असं का म्हणालं असेल? खाली : उद्या काय करून बघणार? आणि दोन दिवसांनी : काय झालं? बस्स. दिवसाला दहा मिनिटं पुरतात. शाळा सुटल्यावर, गाडीला किक मारण्याआधी, वर्गातच बसून लिहा. घरी गेल्यावर ते होत नाही.

वर्षअखेरीस ही वही चाळली की चुकांचे कळप दिसायला लागतात. पाचवीच्या वर्गात बहुतेक चुका क्रियापद शेवटी टाकण्याच्या असतात, सातवीत ‘ॲम’ आणि मूळ क्रियापद एकत्र जोडण्याच्या, नववीत शब्दयोगी अव्ययं जशीच्या तशी उचलण्याच्या. तुमच्या शाळेत चित्र वेगळं असेल, म्हणूनच वही तुमची हवी. पुढे कधी शिक्षकांसमोर उभं राहायची वेळ आली तर तुमच्याजवळ पुस्तकातलं उदाहरण नसेल, पाथर्डीच्या किंवा राहुरीच्या पोराने उच्चारलेलं वाक्य असेल. समोरचे शिक्षक लगेच मान डोलावतात, कारण तेच वाक्य त्यांनी सकाळी ऐकलेलं असतं. प्रशिक्षकाची खरी शिदोरी हीच.

स्वतःचं इंग्रजी

रेमंड मर्फी यांचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ हे निळ्या कव्हरचं पुस्तक घ्या आणि रोज एक धडा सोडवा. शंका आली तर मायकेल स्वान यांचं ‘प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज’ बघा. शिकवण्याच्या पद्धतींसाठी पेनी अर यांचं ‘अ कोर्स इन लँग्वेज टीचिंग’. तीन पुस्तकं पुरे झाली, आणखी गोळा करू नका. शब्दकोश इंग्रजी-मराठी चालेल, पण शेजारी ऑक्सफर्डचा किंवा केंब्रिजचा विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोश असू द्या, कारण त्यात शब्द वाक्यात कसा बसतो ते दिसतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपले आजोबा-पणजोबा इंग्रजी शिकले. त्यातून लिहिणं आणि वाचणं पक्कं झालं, पण तोंड उघडायची सवय लागली नाही. वाक्यं सोप्याकडून अवघडाकडे कशी रचावीत हे त्यातून घ्या, भाषांतरावर सगळा तास काढणं मात्र सोडा.

बोलण्यासाठी एकच उपाय मी खात्रीने सांगतो. शाळेतला किंवा शेजारच्या शाळेतला एक सहकारी गाठा आणि रोज दहा मिनिटं इंग्रजीतच बोला. विषय साधेच : आज वर्गात काय झालं, बाजारभाव, मुलाची परीक्षा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. पहिले काही दिवस लाजल्यासारखं होतं, मग सवय होते. ‘टुडे मॉर्निंग’, ‘आय ॲम हॅविंग टू सन्स’ असल्या आपल्या जुन्या सवयी स्वतःच्याच कानांना खटकू लागल्या की समजा, काम होतंय.

शिक्षकांसमोर उभं राहताना

शिक्षक घडवण्याची या जिल्ह्याची परंपरा जुनी आहे आणि ती आपल्यापैकी अनेकांना अर्धवटच माहीत असते. सिंथिया फरार या अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईला आल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये नगरमध्येच वारल्या. त्यांनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले यांनी नगरला येऊन त्यांची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे घेतले. १८५४ च्या ‘काव्यफुले’त त्यांनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला आहे. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे : चालू वर्ग होता, त्यात मुली शिकत होत्या, आणि शिक्षक होऊ पाहणारी व्यक्ती तिथे जाऊन शिकली. सभागृहात बसवून, पडद्यावर चित्रं दाखवून शिक्षक तयार करण्याची पद्धत फार नंतरची.

म्हणून प्रशिक्षक होण्याची पहिली पायरी ही : तुमचा वर्ग इतरांना बघण्यासारखा करा आणि दार उघडं ठेवा. केंद्रात शिक्षण परिषद दरमहा होते. केंद्रप्रमुखांना सांगा, ‘पुढच्या वेळी वीस मिनिटं मला द्या, चुकांच्या वहीतून काही दाखवतो.’ नाही म्हणणारे केंद्रप्रमुख क्वचितच भेटतात, कारण परिषदेत काय घ्यायचं ही त्यांचीही चिंता असते. तिथून तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे, तिथून संगमनेरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे, म्हणजे आपल्या डाएटकडे, नाव जातं. इंग्रजीसाठी राज्यात औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, स्वतंत्र स्टेट इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश होती. पुढे तिचं नाव आणि स्वरूप बदललं तरी इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणाची अनेक कामं तिथूनच चालत आली.

२०१६ च्या सुमारास राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी ‘तेजस’ हा प्रकल्प आणला, आणि माध्यमिक शिक्षकांसाठी २०१८ मध्ये ‘चेस’ सुरू झाला. ‘तेजस’मधली एक गोष्ट मला कायम टिकवावीशी वाटते : टॅग, म्हणजे शिक्षकांचे छोटे गट. जवळपासच्या शाळांचे शिक्षक ठरावीक काळाने एकत्र बसतात, गटाचा समन्वयक त्यांच्यातलाच एक शिक्षक असतो, एखादी कृती करून बघतात, वर्गात जाऊन वापरतात आणि पुढच्या बैठकीत काय झालं ते सांगतात. मधल्या काळात व्हॉट्सॲपवर बोलणं चालू असतं. वरून खाली येणाऱ्या धबधबा पद्धतीत, राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशा पायऱ्या उतरताना मूळ गोष्ट निम्मी गळून जाते. गटात ती गळत नाही, कारण करणारा आणि सांगणारा एकच असतो. सरकारी प्रकल्प संपला तरी असा गट चालवायला कुणाच्या आदेशाची गरज नाही. आठ-दहा शिक्षक, एक शाळा, महिन्यातला एक शनिवार, एवढं पुरतं.

शिक्षकांसमोर उभं राहिल्यावर काय करायचं याची माझी काही ठाम मतं आहेत. कुणाचंही इंग्रजी चारचौघांत दुरुस्त करू नका. वीस वर्षं शिकवलेल्या बाईंचा उच्चार सर्वांसमोर सुधारला की त्या त्या दिवसापुरत्या नव्हे, कायमच्या गप्प होतात. सुरुवात भाषणाने करू नका, त्यांना विद्यार्थी करून एक पाठ घ्या. मला विचाराल तर एखादं कोडं द्या. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रासच्या बाजूच्या शाळांत एक प्रयोग केला. मुलांना व्याकरण शिकवण्याऐवजी नकाशे, वेळापत्रकं, तर्काची कोडी अशी कामं दिली, डोकं कामात गुंतलं की भाषा मागून येते या विश्वासावर. जगभर या प्रयोगाची चर्चा झाली. आपण तेच नगरच्या तारकपूर बसस्थानकाच्या वेळापत्रकावर करू शकतो : ‘पाथर्डीहून निघून दुपारी बाराच्या आत शिर्डीला पोचायचंय, मध्ये नगरला अर्धा तास काम आहे, कोणती गाडी?’ जोड्या करा, चर्चा इंग्रजीत, उत्तर इंग्रजीत. पंचेचाळीस मिनिटं खोलीत जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो. नंतर विचारा, ‘आत्ता तुम्ही कोणती वाक्यं पुन्हा-पुन्हा वापरलीत?’ व्याकरण तिथून काढा.

प्रशिक्षणाचा दिवस हा कामाचा छोटा भाग. खरं काम त्यानंतर महिन्याभरात त्या शिक्षकाच्या वर्गात जाऊन बसण्याचं. मागच्या बाकावर बसा, वही उघडा, आणि शिक्षक काय म्हणाले याऐवजी मुलं काय म्हणाली ते लिहा. तास संपल्यावरचं बोलणं साधारण असं व्हावं :

“बाई, आज तुम्हाला काय जमलं असं वाटलं?”

“चित्रांचा भाग बरा झाला सर. पण मागची मुलं बोललीच नाहीत.”

“खिडकीजवळची मुलगी बोलली. हे बघा, मी लिहून घेतलंय. ती शेजारणीला म्हणाली, ‘शी गोईंग मार्केट.’”

“अगंबाई, ती तर वर्षभर तोंड उघडत नाही.”

“मग उद्या तिला कशाने बोलतं करता येईल?”

बस्स, इथे थांबायचं. उत्तर त्यांचं त्यांना शोधू द्या. शेरा लिहू नका, गुण देऊ नका, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. तुम्ही तपासणीला आलेले साहेब नाही आहात, हे त्यांना पहिल्या भेटीतच पटलं पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी तुमच्यासाठी बसवलेला पाठ बघायला मिळेल.

पदव्या आणि प्रमाणपत्रं

हैदराबादची इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी, जी १९५८ मध्ये सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश म्हणून सुरू झाली, इंग्रजी शिक्षकांसाठी पीजीसीटीई हा अभ्यासक्रम दूरशिक्षणातून चालवते. नोकरी सांभाळून करण्यासारखा, आणि माझ्या मते जिल्हा पातळीवर प्रशिक्षक व्हायचं असेल तर सर्वांत उपयोगी तोच. ‘एल्टाय’ या इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचं सदस्यत्व घ्या, तिची संमेलनं आणि नियतकालिकं यांतून ओळखी वाढतात. केंब्रिजचा सेल्टा हा १२० तासांचा अभ्यासक्रम, त्यात सहा तास प्रत्यक्ष शिकवून दाखवावं लागतं. तो महाग आहे आणि प्रौढांना शिकवण्यासाठी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतच राहायचं असेल तर तो खर्च करू नका. मोठ्या शहरात किंवा परदेशात प्रौढांना शिकवायचं असेल तर जरूर विचार करा.

प्रौढांचं काम आपल्या जिल्ह्यातही आहे आणि ते वाढतं आहे. शिर्डीत लॉजच्या काउंटरवर बसणाऱ्या मुलाला आंध्र-तमिळनाडूहून आलेल्या भाविकांशी इंग्रजीत बोलावं लागतं. सुप्याच्या एमआयडीसीत आयटीआय झालेल्या पोरांना यंत्रावरच्या इंग्रजी सूचना वाचाव्या लागतात. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकांना बऱ्याचदा आयईएलटीएस किंवा ओईटी द्यावी लागते. या तिघांना एकच ‘स्पोकन इंग्लिश’चं पुस्तक देऊन सरसकट काळ शिकवणं त्यांच्या पैशांवर अन्याय आहे. लॉजच्या मुलाबरोबर काउंटरजवळ तासभर बसा, गिऱ्हाईक काय विचारतं ते लिहून घ्या आणि तिथून अभ्यासक्रम बांधा. ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ असला फलक लावू नका. रोज एक तास याप्रमाणे सहा महिने द्या असं स्पष्ट सांगा. जे थांबतात ते मनापासून शिकतात आणि दुसऱ्यांना घेऊन येतात.

डाएटवर किंवा गटसाधन केंद्रात प्रतिनियुक्ती मिळाली की

ही संधी चांगली आहे, घ्या. अहवाल, बैठका, ऑनलाइन माहिती भरणं यांत बराच दिवस जाईल, त्याची तयारी ठेवा. पण रुजू होण्याआधीच जवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा : आठवड्यातले दोन तास, एकच इयत्ता, वर्षभर. पदाच्या कामाचं वेळापत्रक ठरताना हे दोन तास त्यात लेखी बसवून घ्या, नाहीतर पहिल्या तातडीच्या बैठकीत ते जातील. त्या वर्गाची चुकांची वही वेगळी ठेवा. प्रशिक्षणात सांगणार असलेली प्रत्येक कृती आधी तिथे करून बघा, आणि जी मुलांपुढे चालली नाही ती शिक्षकांपुढे मांडू नका. प्रतिनियुक्तीची मुदत संपली की मुदतवाढीसाठी धावपळ करण्याआधी स्वतःला विचारा, शेवटचा पूर्ण वर्ग हातात घेऊन किती वर्षं झाली? उत्तर चार-पाच वर्षांच्या पुढे गेलं असेल तर शाळा मागून घ्या, आणि शक्य असेल तर तिसरी किंवा चौथीचा वर्ग मागा, कारण इंग्रजीतली पहिली वाक्यं मुलं तिथेच जुळवतात आणि तुमच्या वहीत सगळ्यात जास्त नोंदी तिथेच मिळतील.